भट्टी, डिकी आणि 74 दिवस

12 जानेवारी

एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र आलं. तिसऱ्या फेरीत. हरकत अभ्यासाला नव्हती, माझ्या मराठीला होती. संमतीपत्रात मी 'वीर्यस्खलनाद्वारे प्राप्त द्रव' असं लिहून बसलो होतो. कमिटीवरच्या वकीलबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "डॉक्टर, हे भट्टीवरचा माणूस वाचणार आहे ना?" आता तिथे 'धातूचा नमुना' आहे. सगळ्यांना कळतं.

प्रश्न साधा आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात भट्टीशेजारी दिवस काढणाऱ्या पुरुषाच्या शुक्राणूंवर परिणाम होतो का? एका गटात फुटाणे-मुरमुऱ्यांच्या भट्ट्या, बेकरी, हलवाई आणि हिंगण्याच्या एमआयडीसीतली फाउंड्री. दुसऱ्या गटात दुकानात, ऑफिसात, सावलीत बसणारे. एकाच माणसाचा हिवाळ्यातला नमुना त्याच्याच उन्हाळ्यातल्या नमुन्याशेजारी ठेवायचा. माणसामाणसांत इतका फरक असतो की दुसऱ्याशी तुलना करून हाती काही लागत नाही.

मागचं शरीरशास्त्र जुनं आहे. वृषण पोटाबाहेर आहेत ते उगाच नाही. शुक्राणू नीट घडायला आतल्या तापमानापेक्षा 2 ते 4 अंश थंडावा लागतो. त्यासाठी अंडकोषाची कातडी पातळ, खाली चरबी नाही, घामाच्या ग्रंथी भरपूर. शिवाय वर परतणाऱ्या थंड रक्ताच्या शिरा खाली येणाऱ्या धमनीभोवती जाळ्यासारख्या गुंडाळलेल्या असतात, त्यामुळे गरम रक्त वाटेतच निवतं. या शिरा फुगल्या की व्हेरिकोसील. तो बहुतेकदा डावीकडे असतो, कारण डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते. नावनोंदणीच्या वेळी प्रत्येकाला उभं करून तपासायचं, नाहीतर भट्टीचं पाप शिरेच्या माथी आणि शिरेचं भट्टीच्या.

27 जानेवारी

सकाळी सातला इतवारी. आधी तर्री पोहे, मग शास्त्र.

मुकादमाला वाटलं मतदारयादीचं काम आहे. नाही म्हटल्यावर त्याने पोरांना हाक मारली आणि मी सगळ्यांसमोर 'धातूचा नमुना' म्हणालो. झाऱ्याचा आवाज थांबला. एकजण हसला, बाकीचे वाळूकडे पाहत राहिले. शेवटी सगळ्यांत म्हाताऱ्याने तोंड उघडलं.

"मले सांगा सर, तीन लेकरं हायेत माही. आता तपासून तुमाले काय भेटून राहिलं?"

मी सांगितलं, लेकरं झाली ती तेव्हाच्या मालावर. आज काय स्थिती आहे ते वेगळं. तो जरा विचार करून म्हणाला, "म्हंजे कढई पाहून राहिले तुमी, फुटाने नाई."

याच्यापेक्षा चांगला गोषवारा माझ्या प्रस्तावात नाही. वयाच्या अटीमुळे त्याला घेता आलं नाही, पण त्याच्या शब्दावर इतर चौघं तयार झाले. बुडालेल्या रोजाची भरपाई आणि सोबत बीपी-शुगरची तपासणी, एवढंच देतो. जास्त दिलं तर ते आमिष ठरतं.

9 फेब्रुवारी

नमुना देण्याच्या खोलीचा प्रश्न. मिळालेली खोली जुन्या एक्स-रे फिल्म ठेवायची. खिडकी पार्किंगकडे, दाराची कडी सैल, बाहेर बाकावर पेशंटांचे नातेवाईक. आलेल्यांपैकी दोघे अर्धा तास आत बसून रिकामी डबी घेऊन बाहेर आले. दुसरा जाताना हळूच म्हणाला, "सर, तिथं लक्ष्मीचा फोटो आहे भिंतीवर."

बँकेचं कॅलेंडर होतं. वर्षभर त्या खोलीत जाऊन येऊन ते माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं. काढलं.

ज्यांना इथे जमत नाही त्यांनी घरून आणावं असं ठरवलं. सूचना छापल्या: आधी 2 ते 7 दिवस संबंध नाही, साधा निरोध वापरायचा नाही, त्यात शुक्राणू मरतात, पहिला थेंब सांडला तर लपवू नका, बहुतेक शुक्राणू पहिल्याच भागात असतात, डबी शर्टाच्या आत अंगाला लावून आणा, तासाभरात पोहोचवा.

कडीसाठी अर्ज केला आहे. अनुदानात 'कडी' नावाचं खर्चाचं शीर्षक नाही.

24 फेब्रुवारी

दिवसभर मोजणी, म्हणजे खरं तर मोजणीचीच तपासणी. टेक्निशियन ताई आणि मी एकच नमुना वेगवेगळा मोजला. आकडे इतके लांब आले की दोघंही आपापला चष्मा पुसू लागलो.

चूक पिपेटची निघाली. वीर्य घट्ट असतं, साध्या पिपेटच्या टोकात चिकटून राहतं आणि 50 मायक्रोलीटर म्हणून त्याहून कमीच उतरतं. घट्ट द्रवाची दट्ट्यावाली पिपेट कपाटात खोक्यातच पडून होती. नमुना पातळ व्हायला अर्धा तास द्यायचा, हलक्या हाताने फिरवायचा, मग दोन वेगळे भाग घेऊन न्यूबाउअर चेंबरच्या, म्हणजे मोजणीसाठी चौकोन आखलेल्या काचेच्या, दोन बाजू भरायच्या. प्रत्येकीत किमान 200 शुक्राणू. 200 मोजले तर नुसत्या योगायोगाची चूक 7 टक्क्यांच्या आसपास असते, 400 मोजले तर 5. बाहेरच्या कित्येक रिपोर्टांत चार चौकोन बघून '60 मिलियन' असा गोल आकडा ठोकलेला असतो आणि त्यावर माणसं घरात भांडतात.

ताईंना नमुना कोणत्या गटातला ते कळत नाही, फक्त क्रमांक. गटांची यादी पाकिटात, पाकीट संख्याशास्त्राच्या सरांकडे. मलाही शेवटपर्यंत बघता येणार नाही. चेहरे मात्र मला माहीत आहेत, म्हणून मोजणीपासून आजपासून मी लांब.

3 मार्च

दुपारी ताईंनी बोलावलं. "सर, क्र. 31 मध्ये काहीच नाही. डबी बदलली का माझ्याकडून?"

बदलली नव्हती. सेंट्रिफ्यूजमध्ये 3000 जी वर (गुरुत्वाच्या 3000 पट जोराने) 15 मिनिटं फिरवून तळाचा साका पाहिला. त्यातही शून्य. आकारमान 1 मिलीच्या आत, पीएच आम्लाकडे झुकलेला. फ्रुक्टोज या साखरेची तपासणी लावली, तीही नकारार्थी.

हे तीन एकत्र आले की बोट एकाच ठिकाणी जातं. वीर्यातला बराचसा द्रव आणि फ्रुक्टोज वीर्यकोशातून येतं. ते नाही म्हणजे शुक्राणूंना बाहेर यायची वाटच नाही. पण एका नमुन्यावर कुणाला काही सांगायचं नसतं. संमतीपत्रात 'काही आढळल्यास मला कळवावे' यावर क्र. 31 यांनी खूण केलेली आहे. दुसऱ्या नमुन्यासाठी फोन केला. आवाज शक्य तितका साधा ठेवला, तरी पलीकडून काही क्षण काही आलं नाही.

18 मार्च

आज स्वतःच्या हाताने स्वतःचा कान पिळला.

उन्हाळ्याचा नमुना मेमध्ये घ्यायचा असं प्रस्तावात मीच लिहिलं, आणि तीन फेऱ्यांत ते कुणाला खटकलं नाही. माणसाचा शुक्राणू मूळ पेशीपासून घडायला सुमारे 74 दिवस घेतो. हेलर आणि क्लेर्मों यांनी 1963 मध्ये किरणोत्सारी थायमिडीनची (डीएनएच्या एका घटकाची) खूण लावून हे मोजलं: 16 दिवसांचं एक चक्र, तशी साडेचारच्या वर चक्रं. त्यानंतर अधिवृषणातून, म्हणजे वृषणामागच्या वेटोळ्या नळीतून, बाहेर यायला आणखी साधारण दोन आठवडे. म्हणजे 10 मेच्या डबीतला शुक्राणू फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घडायला लागलेला असतो. त्याचं बालपण रात्री चादर घेऊन झोपायच्या दिवसांत गेलं. मेचा ताप त्याने पाहिला तो फार तर बाहेर पडायच्या वाटेवर.

उष्णतेचा सगळ्यांत मोठा फटका अर्ध्या वाटेवरच्या पेशींना बसतो, ज्यांचं गुणसूत्रं निम्मी करण्याचं काम चालू असतं. एप्रिल ते जूनचा मार बसला तर खरा खड्डा जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत दिसायला हवा. बाहेर पाऊस आणि डबीत उन्हाळा.

आणि जानेवारीचे नमुने? ते ऑक्टोबरअखेर घडायला लागलेले. ऑक्टोबर हीट सरतानाचे. वाचले, पण थोडक्यात.

प्रस्तावात दुरुस्ती. मेचा नमुना जादाचा म्हणून ठेवायचा, मुख्य नमुना जुलै-ऑगस्टमध्ये. पुन्हा कमिटी, पुन्हा वकीलबाई.

22 मार्च

क्र. 31 चा दुसरा नमुनाही शून्य. त्यांना झोपवून तपासलं. वृषणांचा आकार उत्तम. पण बोटांच्या चिमटीत सुतळीसारखी लागायला हवी ती शुक्रवाहिनी दोन्ही बाजूंना लागली नाही. जन्मतःच नाही. नसबंदीत आम्ही जी नळी कापतो, तीच त्यांच्यात तयार झालेली नाही.

चित्र काढून समजावलं. कारखाना चालू आहे, रस्ता नाही. पुरुषत्वाचा याच्याशी संबंध नाही, हार्मोन वृषणांतून थेट रक्तात जातात, म्हणून आजवर कशाचीच शंका आली नाही. सुईने आतले शुक्राणू काढता येतात आणि 1992 पासून एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडायचं तंत्र आहे. आधी दोघांची सीएफटीआर या दोषाशी जोडलेल्या जनुकाची तपासणी करायची, आणि त्यांच्या मूत्रपिंडांची सोनोग्राफी, कारण या दोषासोबत कधी एक मूत्रपिंडही नसतं.

ते ऐकत होते की नाही कोण जाणे. लग्नाला सहा वर्षं झाली आहेत. बायकोच्या दोन लॅप्रोस्कोपी, नळ्या मोकळ्या करणं, गोळ्यांचे महिने, तीन नवस आणि सासूचं बोलणं. यांना कधी कुणी डबी दिली नाही. आमच्याकडे आले तेही मित्राने गळ घातली म्हणून, 'तुमच्यासारखा नॉर्मल माणूस पाहिजे' असं आम्हीच म्हटलं होतं.

बराच वेळ चित्राकडे बघून विचारलं, "म्हणजे तिचं काही नव्हतंच?"

मी म्हटलं, तिच्या फाइली बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. खरं तेच आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा सोबतीने असतं, आणि ती तपासणी साऱ्यांत स्वस्त, सुई न टोचता होणारी. ती आधी करायची सोडून पोटाला भोकं पाडली जातात. हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. समोर माणूस बसलेला असताना घशाखाली उतरेना.

"आईला सांगू नका," म्हणाले. सांगणार नाही. बायकोला सांगायचं की नाही तेही त्यांनीच ठरवायचं. अभ्यासातून क्र. 31 वगळला. ओपीडीत नवा पेपर काढला.

6 एप्रिल

कडी आली नाही. एसी आला, पण त्याचा रिमोट नाही.

11 मे

पारा 45 च्या घरात. मेचे नमुने सुरू होऊन आठवडा झाला आणि आज मला खोटा आनंद झाला.

ताईंच्या वहीत हालचालीचे आकडे धडाधड पडलेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या आवृत्तीत एकूण हालचालीची खालची रेघ 42 टक्के आहे. ती काही सुपीक-नापीक ठरवणारी सीमा नाही, बाप झालेल्या पुरुषांतल्या तळाच्या 5 टक्क्यांची खूण आहे. तरी त्या रेघेखाली इतके नमुने एकदम कधी आले नव्हते. मार्चमध्ये मीच केलेला हिशेब विसरून मनातल्या मनात शोधनिबंधाचं शीर्षक रचू लागलो.

ताई हातातला काउंटर टकटक करत म्हणाल्या, "सर, काउंट तर कुणाचाच पडला नाही. फक्त चालत नाहीयेत. आणि जे इथं खोलीत देऊन राहिले ना, त्यांचे मस्त पळून राहिले."

मग कपाळावर हात मारला तो मी की त्यांनी, आठवत नाही. घरून आणणारे स्कूटीवरून येतात. डबी कुठे ठेवता म्हणून एकाला फोन केला.

"डिकीत, सर. खिशात कशी ठेवू, घामानं लेबल निघून राहिलं ना."

13 मे

पार्किंगमध्ये माझ्याच स्कूटरच्या डिकीत थर्मामीटर ठेवून धंतोलीपर्यंत जाऊन आलो. परत येऊन उघडलं तर 50 च्या वर. वाहतुकीत नमुना 20 ते 37 अंशांत राहायला हवा. 'अंगाला लावून आणा' ही सूचना थंड हवेच्या गावाला शोभणारी, तिथे अंगाची ऊब लागते. आपल्याकडे मेमध्ये अंग हीच त्यातल्या त्यात गार जागा.

मी मोजत होतो ती भट्टी त्यांच्या कामावरची नव्हती, सीटखालची होती.

उलट बाजूनेही तेच. फेब्रुवारीतल्या गार सकाळी डिकीतून आलेले नमुने थंडीने मंदावलेले असणार. म्हणजे घरून आलेल्या नमुन्यांची हालचाल दोन्ही ऋतूंतली बाद. संख्या राहील, डिकीत डोकी कमी होत नाहीत. नोंदवहीत लाल शाईने लिहिलं. पुन्हा पुन्हा पाहतो ते मात्र 9 फेब्रुवारीचं पान. एक कडी बसली नाही, म्हणून नमुने घरी गेले, म्हणून डिकीत गेले.

दुपारी सीताबर्डीवर जाऊन कडी, स्क्रू आणि खिडकीला लावायचा दुधी कागद स्वतःच्या पैशांनी आणला. शिपाईदादांनी वीस मिनिटांत बसवलं. रिमोट ताईंच्या घरचा चालला.

25 मे

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू. संशोधन बंद, मुतखडे सुरू.

रात्रीतून पाच जण कळा घेऊन आले. घाम जातो, लघवी चहासारखी गडद होते, कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे जमतात. प्रत्येकाला तेच सांगतो: पाणी किती प्यायलात ते मोजू नका, दिवसाला अडीच लीटर लघवी व्हायला हवी. दूध बंद करू नका. आहारातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. 'बियर चालेल का' हाही दर उन्हाळ्याचा प्रश्न. नाही.

त्यांतला एक आमचाच, फाउंड्रीचा क्र. 12. मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट, म्हणजे लघवी वाहती ठेवणारी बारीक नळी, टाकला. आता त्याचा पुढचा नमुना धरायचा की नाही? स्टेंट, अँटिबायोटिक, ताप. धरायचा नाही. तो स्ट्रेचरवरून म्हणाला, "सर, डबीचं काय?"

24 जून

पाऊस लागला. घरातला कूलर बंद केला आणि गच्चीत उभा असताना सुचलं ते लिहून ठेवतो.

मेमध्ये कूलर गारवा देतो, कारण हवा कोरडी असते आणि खसातलं पाणी उडून जातं. जूनअखेर तोच कूलर नुसता दमट वारा फेकतो. अंडकोषही घाम उडवूनच निवतो. मग भट्टीवाल्याला जास्त त्रास 45 अंशांच्या कोरड्या मेमध्ये होत असेल, की पत्र्याखालच्या दमट जुलैत, तापमान दहा अंशांनी उतरलेलं असूनही? आमच्या तक्त्यात फक्त तापमानाचा रकाना आहे. आजपासून कामाच्या जागी दमटपणा कळायला ओल्या फडक्याचा थर्मामीटरही लावतो. मेचे आकडे मात्र हातचे गेले. मे पुन्हा येईल, अनुदान येईलच असं नाही.

17 जुलै

मुख्य नमुने सुरू. सगळे इथेच, खोलीत. इतवारीचे चौघंही आले. एकाने बाहेर येऊन कडीला नमस्कार केला.

काही जण मात्र गळाले. दोन बेकरीवाले गावी पेरणीला, एकाचं लग्न ठरलं आणि सासरकडच्यांना कळेल म्हणून त्याने नाव काढून घेतलं. त्याला काही विचारलं नाही, विचारायचा हक्कही नाही.

23 ऑगस्ट

मारबत, नागपूरची पोळ्यानंतरची मिरवणूक. महालाकडचे रस्ते माणसांनी भरलेले, एकही नमुना नाही. 'रोगराई घेऊन जा गे मारबत' अशी आरोळी खिडकीतून येत होती. ताई म्हणाल्या, "सर, आपला डाटा तेवढा नका पाठवू."

संध्याकाळी अचानक क्र. 31, सोबत बायको. पाच महिन्यांनी. तिच्या हातात पिशवी आणि पिशवीत सहा वर्षांच्या फाइली, तारखेप्रमाणे लावलेल्या. बाई शांत होत्या. यांनी सांगितलं ते आषाढीच्या दिवशी, असं त्यांच्या बोलण्यातून कळलं. मी फाइली चाळू लागलो तर म्हणाल्या, "तुम्ही माझं बघा नीट आधी. ह्यांचं तर कळलंच."

सगळं वाचलं. दुसरी लॅप्रोस्कोपी कशासाठी केली ते त्या कागदांत सापडलं नाही. तसं म्हटलं. त्यांनी पिशवीतून पेन काढलं आणि त्या पानावर बारीक फुली मारली. सीएफटीआरसाठी दोघांचं रक्त घेतलं. यांच्या सोनोग्राफीत डावं मूत्रपिंड नाही, उजवं ठणठणीत आहे. उन्हाळ्यात पाणी जपून, एवढंच बजावलं.

6 सप्टेंबर

शेवटचा नमुना दुपारी 12 वाजता. ताईंनी दोन्ही बाजू मोजल्या, फरक मर्यादेत. वह्या, स्लाइडी आणि ओल्या फडक्याचे आकडे संख्याशास्त्राच्या सरांकडे दिले. पाकीट ते दिवाळीनंतर फोडतील म्हणाले. त्यांनी विचारलं, काय वाटतं? मेमध्ये जे वाटलं होतं ते आठवून गप्प बसलो.

खोली परत एक्स-रे विभागाला द्यायची आहे. त्यांनी निरोप पाठवला आहे की कडी काढू नका.